वाळूवरचा इंजिनिअर : रॅल्फ बॅगनॉल्ड

मराठी विभागासाठी काहीतरी दे, असं संपादक मंडळातली मैत्रीण म्हणाली तेव्हा मी आधी चक्क नाही म्हटलं. शाळा कॉन्व्हेंटची, मराठी फक्त मार्कांपुरतं. पण एका माणसाबद्दल गेले सहा महिने मी मेसच्या टेबलावर सगळ्यांचं डोकं खाते आहे. निदान त्याच्याबद्दल लिही आणि आम्हाला सोड, असा ठराव विंगमध्ये एकमताने पास झाला. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

सुरुवात आमच्या फजितीपासून. गेल्या डिसेंबरात सेमिस्टर संपल्यावर हॉस्टेलच्या आम्ही सहाजणी जैसलमेरला गेलो. प्लॅनिंग म्हणाल तर तिकिटं काढली, एवढंच. समच्या वाळूच्या टेकड्या बघायला भाड्याने जीप घेतली. चालवायला आमच्यातलीच एक. गर्दी नको म्हणून जरा आडबाजूला गेलो आणि जीप वाळूत बसली. ॲक्सिलरेटर दाबावा तितकी चाकं खाली! मोबाईलला रेंज नाही, सहाजणींत पाण्याच्या दोन बाटल्या, सूर्य मावळतीला. दोन तास हातांनी वाळू उपसली. शेवटी उंट घेऊन चाललेले एक आजोबा थांबले. त्यांनी काही न बोलता एका काडीने चारही टायरमधली बरीचशी हवा सोडली आणि गाडी काढा अशी खूण केली. जीप अलगद बाहेर! त्या आनंदात आम्ही तशाच बसक्या टायरांवर डांबरी रस्त्याने जैसलमेर गाठलं, सुमारे चाळीस किलोमीटर. एक टायर कायमचा गेला. भरपाई आम्ही दिली, चूक आमचीच होती.

घरी हा किस्सा मी खूप रंगवून सांगितला. आई हसली, बाबा हसले नाहीत. बाबा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहेत. ते एवढंच म्हणाले की रुतल्यावर काय करायचं हे ठाऊक नसताना वाळूत जाणं याला धाडस म्हणत नाहीत. आणि यापुढे असली ट्रिप नाही. विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र ती काडी जाईना. कॉलेज सुरू झाल्यावर फ्लुइड मेकॅनिक्सच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, सोपं आहे, हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ वाढतं, म्हणून वाळूवर पडणारा दाब कमी होतो. मग म्हणाले, वाळूत गाडी कशी चालवायची आणि वाळू मुळात चालते कशी, हे दोन्ही ज्याने शोधलं त्याचं नाव लायब्ररीत शोध. रॅल्फ बॅगनॉल्ड. तिथून मी त्या माणसात रुतले ती अजून निघाले नाही.

रॅल्फ ॲल्जर बॅगनॉल्डचा जन्म ३ एप्रिल १८९६ रोजी इंग्लंडमध्ये डेव्हनपोर्टला झाला. वडील लष्करात इंजिनिअर. थोरली बहीण एनिड पुढे लेखिका झाली. ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ ही तिची घोड्यांची कादंबरी आमच्या शाळेच्या लायब्ररीत होती. ती याची बहीण हे कळल्यावर मला उगाचच ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं. १९१५ मध्ये, म्हणजे आमच्या वयाचा असताना, रॅल्फ रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर गेला. सोम, ईप्र, पाशेंडाल ही नावं आपण इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत वाचतो. त्याने तिथल्या चिखलात तीन वर्षं काढली. युद्ध संपल्यावर तो केंब्रिजला गेला, इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि परत फौजेत आला, आता सिग्नल्समध्ये.

१९२६ साली त्याची बदली इजिप्तला झाली. तेव्हा कैरोतल्या इंग्रज अधिकाऱ्यांचा वेळ पोलो, क्लब आणि पार्ट्यांत जात असे. बॅगनॉल्ड आणि त्याच्या चार-पाच मित्रांनी मात्र फोर्डच्या मॉडेल टी गाड्या घेतल्या आणि सुट्टी मिळाली की वाळवंटात जायला लागले. आधी सिनाई, मग १९२७ मध्ये पश्चिमेला सीवा. खर्च स्वतःच्या खिशातून, रजा स्वतःच्या हक्काची, वरून कुणाचा हुकूम नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सीवा हे मरूद्यान, म्हणजे वाळवंटातली पाण्याची हिरवी जागा. मला आधी वाटायचं की वाळूच्या मध्येच कुठेतरी झरा फुटतो आणि खजुराची झाडं उगवतात. खरी गोष्ट जास्त मजेची आहे. वारा हजारो वर्षं जमीन खरवडत राहतो आणि मोठा खळगा तयार होतो. खळगा खोल होत होत जमिनीखालच्या पाण्याजवळ पोचला की माती ओली होते, आणि ओली माती वाऱ्याला उडवता येत नाही. तिथे खोदकाम थांबतं आणि झाडं लागतात. सीवाचा तळ समुद्रसपाटीच्याही खाली आहे. म्हणजे टेकड्या रचणारा आणि मरूद्यानं खोदणारा कंत्राटदार एकच, वारा!

सीवाच्या दक्षिणेला ‘ग्रेट सँड सी’ सुरू होतो. वाळूचा समुद्र हे नाव अगदी बरोबर आहे. क्षेत्रफळ सुमारे ७२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जवळजवळ पाव भाग, आणि त्यात उत्तर-दक्षिण पसरलेल्या टेकड्यांच्या रांगांमागून रांगा. काही टेकड्या शंभर मीटर उंच. १८७४ मध्ये गेऱ्हार्ट रोल्फ्स हा जर्मन प्रवासी उंट घेऊन दाखलाहून पश्चिमेकडे निघाला होता. आडव्या येणाऱ्या रांगा उंटांना झेपेनात, तेव्हा त्याने नाद सोडला आणि दोन रांगांमधल्या पट्ट्यातून उत्तरेला सीवा गाठलं. गंमत म्हणजे वाटेत त्याला पाऊस लागला! त्या जागेला त्याने पावसाचं शेत अशा अर्थाचं जर्मन नाव दिलं. पुढे १९२३ मध्ये अहमद हसनैन या इजिप्तच्या प्रवाशाने उंटांवरून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर जाऊन दक्षिणेला अर्केनू आणि उवेनात हे पाण्याचे डोंगर नकाशावर आणले. तिथे माणसं आधीपासून राहत होती. नकाशा काढणाऱ्यांना तेवढी ती माहीत नव्हती. शिवाय दंतकथा होत्याच. इराणच्या राजाची पन्नास हजारांची फौज वाळूत गडप झाल्याची, आणि झर्झुरा नावाच्या हरवलेल्या मरूद्यानाची. बॅगनॉल्डच्या टोळीला झर्झुरा शोधायचं होतं. निदान सगळ्यांना सांगायला ते कारण छान होतं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. १९२८ मध्ये बॅगनॉल्डची बदली झाली आपल्याकडे, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर. वाळवंट हजारो मैल दूर. हा पठ्ठ्या तिथे बसून पुढच्या ट्रिपची तयारी करत राहिला. १९२९ ची मोहीम त्याने बरीचशी हिंदुस्थानात बसून आखली. पत्रं, याद्या, हिशोब. आपण ट्रिपची आखणी म्हणजे कंटाळवाणं काम समजतो. याच्यासाठी ट्रिप तिथेच सुरू झाली होती. वाळवंटातली प्रत्येक अडचण त्याने व्हायवाच्या प्रश्नासारखी समोर ठेवली आणि एकेक सोडवली.

पहिला प्रश्न, पाणी. माणसांपेक्षा गाडीच जास्त पाणी पिते, कारण उन्हात रेडिएटर उकळतो आणि वाफ उडून जाते. वाळूत मागून वारा असेल तर विचारूच नका. उपाय असा की रेडिएटरचं तोंड घट्ट बंद करायचं आणि वाफेची नळी गाडीच्या बाजूला बांधलेल्या पाण्याच्या डब्यात सोडायची. वाफ डब्यात जाते, थंड होऊन पाणी होते. डबाच उकळायला लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची. इंजिन गार झालं की रेडिएटरमध्ये निर्वात पोकळी तयार होते आणि डब्यातलं पाणी आपोआप परत आत ओढलं जातं. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात हा प्रश्न आला असता तर मी सुद्धा पास झाले असते.

दुसरा प्रश्न, दिशा. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकी होकायंत्र चुकतं. दर वेळी गाडी थांबवून, लांब चालत जाऊन दिशा बघावी लागते. बॅगनॉल्डने सुधारलेलं सूर्य-होकायंत्र अगदी साधं होतं. अंश कोरलेली आडवी गोल चकती आणि तिच्या मधोमध उभी सुई. सुईची सावली चकतीवर पडते. सूर्य सरकतो त्या हिशोबाने चकती थोड्या थोड्या वेळाने फिरवायची आणि सावली ठरलेल्या आकड्यावर राहील अशी गाडी हाकायची. दिवसभर किती अंतर कोणत्या दिशेला गेलो ते लिहीत जायचं आणि रात्री ताऱ्यांवरून ते तपासायचं. त्यासाठी रेडिओवर अचूक वेळ ऐकायची, कारण घड्याळ चार मिनिटं चुकलं तर रेखांश एक अंशाने चुकतो. तिथे एक अंश म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर. शंभर किलोमीटर बाजूला विहीर असून काय उपयोग?

तिसरा प्रश्न, रुतणं. कैरोच्या भंगारात त्याला पोलादाचे लांब पन्हळ मिळाले, महायुद्धात खंदकांच्या छपराला वापरलेले. रुतलेल्या चाकासमोर वाळू उकरून हे पन्हळ सरकवायचे, की चाकाला धरायला काहीतरी मिळतं. ज्या युद्धाने त्याची तीन वर्षं खाल्ली त्याचंच भंगार घेऊन तो वाळू ओलांडत होता. आणि टायर? हवा कमी! ते वाक्य वाचलं तेव्हा रीडिंग रूममध्ये मी मोठ्याने हसले. आमच्या उंटवाल्या आजोबांचं ज्ञान आणि बॅगनॉल्डचं ज्ञान एकच निघालं.

याशिवाय गाड्यांचं मूळ शरीर काढून हलके लाकडी खोके बसवले. पेट्रोलचे पातळ डबे गळायचे, तेव्हा गळतीही हिशोबात धरायची. आणि वाळवंटात एकट्या गाडीने जायचं नाही.

१९२९ आणि १९३० च्या मोहिमा नव्या मॉडेल ए गाड्यांनी झाल्या. पूर्वेकडून ऐन दल्ला हा शेवटचा झरा. त्याच्यापुढे वाळूचा समुद्र. गाडीने त्या टेकड्या चढता येणार नाहीत असंच सगळे धरून चालले होते. बॅगनॉल्डने उलटं केलं. हळूहळू न जाता तो पूर्ण वेगात टेकडीवर धावून गेला, आणि गाडी चढली. वाऱ्याने ठोकून घट्ट केलेली वाळू वेगातल्या हलक्या गाडीला पेलते. मात्र माथ्यावर जीव मुठीत. टेकडीची वाऱ्याकडची बाजू सौम्य असते, पण पलीकडची बाजू साधारण ३३-३४ अंशांनी खाली कोसळते. भर दुपारी सावली नसते, त्यामुळे चढ कुठे संपतो ते दिसतच नाही. एक चूक आणि गाडी पलीकडे उलटीपालटी. म्हणून चालवणारा वाळूचा रंग, लाटा, सावली वाचायला शिकतो. ही मंडळी नकाशा काढत जिल्फ कबीरचं पठार आणि उवेनातपर्यंत पोचली. १९३० मध्येच वादी हाल्फाच्या एका बारमध्ये बसून त्यांनी झर्झुरा क्लब काढला. १९३२ च्या मोहिमेत बॅगनॉल्डने लिबियाचं वाळवंट पूर्वेकडून पश्चिमेकडे मोटारीने ओलांडलं. तशी ही पहिलीच नोंद. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. झर्झुरा त्याला कधीच सापडलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख निव्वळ सहलीचा होईल. जानेवारी १९३१ मध्ये इटालियन फौजेने कुफ्रा हे मरूद्यान जिंकलं. तिथली माणसं बायकामुलांसह जीव घेऊन वाळवंटात पळाली. काही उवेनातकडे, काही तिथूनही पुढे शेकडो किलोमीटर चालत दाखलापर्यंत. पुष्कळ वाटेतच गेली. इजिप्तच्या सर्वेक्षण खात्याच्या पॅट क्लेटनने गाड्यांतून काहींना वाचवलं. त्याच वर्षांत, त्याच वाळूत एकीकडे हौसेने जाणारे आणि एकीकडे घर सुटलेले. यादी करायला वेळ मिळणं हीसुद्धा चैन आहे, हे मला तेव्हा कळलं.

१९३५ मध्ये तब्येतीमुळे बॅगनॉल्ड फौजेतून निवृत्त झाला. वय एकोणचाळीस. त्याच्या मनात मोहिमांमधला एक प्रश्न राहिला होता. वाळूचे कण तर सुटे. त्यांना घर नाही, मालक नाही. मग ते पसरून सपाट का होत नाहीत? गोळा होऊन इतक्या रेखीव टेकड्या का करतात? कुठे चंद्रकोर, कुठे सरळ रांग? लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्याने स्वतःच्या हातांनी लाकडाचा, काच बसवलेला वाऱ्याचा बोगदा बांधला, म्हणजे विंड टनेल, आणि आत वाळू उडवून बघत बसला.

उत्तर थोडक्यात असं. वाळू धुळीसारखी हवेत तरंगत नाही, उड्या मारते. वारा एक कण उचलतो, कण थोडं अंतर उडून खाली आपटतो आणि आपटताना दुसऱ्या कणांना उडवतो. म्हणून वाळूचं वादळ जमिनीलगत वाहतं, आणि माणसाचं डोकं बऱ्याचदा त्याच्या वर मोकळ्या हवेत असतं. आता कठीण जमिनीवर कण उंच उसळतो आणि लांब जातो. मऊ वाळूवर आपटला की त्याची ऊर्जा तिथेच जिरते, तो थांबतो. म्हणजे जिथे वाळू आहे तिथेच आणखी वाळू साठते! कॅरम पावडर टाकलेल्या बोर्डवर आणि गादीवर सोंगटी टाकून बघा, लगेच पटेल. वाऱ्याचा जोर थोडा वाढला तरी वाहणारी वाळू कितीतरी पटीने वाढते, याचं सूत्रही त्याने मांडलं. त्यात वाऱ्याच्या वेगाचा घन येतो. १९३८ मध्ये परत वाळवंटात जाऊन त्याने प्रयोगातले आकडे प्रत्यक्ष वाळूवर पडताळले. १९४१ साली ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’ हे पुस्तक आलं. आजही त्या विषयाची सुरुवात तिथूनच करतात.

पुस्तक आलं तेव्हा लेखक परत युद्धात होता. १९३९ मध्ये त्याला बोलावणं आलं आणि पूर्व आफ्रिकेला पाठवलं. त्याच्या जहाजाची भूमध्य समुद्रात टक्कर झाली, दुरुस्तीला पोर्ट सैदला थांबावं लागलं, आणि तो असा योगायोगाने कैरोत पोचला. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर जनरल वेव्हेलने त्याची योजना मान्य केली आणि सहा आठवडे दिले. तेवढ्यात त्याने ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ उभा केला. न्यूझीलंडचे स्वयंसेवक, शेव्हरोलेचे ट्रक, आणि तेच वाफेचे डबे, तीच सावलीची चकती, तेच पन्हळ. सुट्टीत स्वतःच्या पैशाने शिकलेल्या गोष्टी. शत्रूच्या मागे शेकडो किलोमीटर वाळूत जाऊन ही पथकं टेहळणी करत. हौसेतून मिळालेलं ज्ञान शेवटी लढाईच्या कामी आलं, याचा अभिमान वाटावा की वाईट, ते मला नीट ठरवता आलेलं नाही. दोन्ही वाटतं.

१९४४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. युद्धानंतर वाऱ्याकडून तो पाण्याकडे वळला. नदी गाळ कसा वाहून नेते, दाणेदार पदार्थ द्रवात कसे वागतात. सिव्हिलवाल्यांना आणि केमिकलवाल्यांना भेटणारा बॅगनॉल्ड नंबर हा १९५४ सालच्या त्याच्या कामातला. नोकरी नाही, प्राध्यापकपद नाही, तरी नव्वदीपर्यंत त्याचे शोधनिबंध येत होते. १९७७ मध्ये पृथ्वी आणि मंगळावरच्या वाळवंटांविषयी नासाने परिषद भरवली तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या या माणसाला बोलायला बोलावलं. २८ मे १९९० रोजी तो गेला. २०१५ च्या अखेरीस क्युरिऑसिटी गाडी मंगळावरच्या वाळूच्या टेकड्यांपाशी पोचली, त्या टेकड्यांना बॅगनॉल्डचं नाव दिलेलं आहे. तिथेही रुतायची भीती आहेच, आणि हवा सोडायला आजोबा नाहीत!

आता आमचं. येत्या डिसेंबरात आम्हाला परत जायचं आहे, सम आणि खुरी दोन्हीकडे. या वेळी मी आधी यादी केली. दोन गाड्या, तिथलाच माहीतगार ड्रायव्हर, माणशी दिवसाला पाच लिटर पाणी, दोन फावडी, लाकडी फळ्या, कागदी नकाशा, आणि संध्याकाळी किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणी काय करायचं, हेही. रुतलो तर टायरमधली हवा किती सोडायची तेसुद्धा लिहिलं. यादी बाबांसमोर ठेवली आणि गप्प बसले.

बाबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. खिशातलं पेन काढून यादीच्या शेवटी एक ओळ वाढवली आणि कागद परत दिला. परवानगीच्या फॉर्मवर सही नंतर झाली, पण माझ्या दृष्टीने ती तिथेच झाली होती.

त्यांनी लिहिलं होतं, हवा भरायचा पंप.